गाडीतली बाई

उणे एकतीस.
उलानबातरच्या उत्तरेला, टेकडीवर चढत गेलेल्या वस्तीत
दुलमा इंजिनावरून नमद्याची घोंगडी ओढून काढते,
चमचाभर दूध शिंपडते पुढच्या चाकावर
आणि आत बसते.
उजवीकडे. सगळं शहर डावीकडे बसतं.

गाडी जपानची. अकरा वर्षं तिकडे कुणाची तरी,
मग बोटीतून, मग मालगाडीवर, मग दुलमाची.
बटण दाबलं की पडदा उजळतो
आणि एक बाई बोलते.
गोड, घाई नसलेली,
शेवटी 'मासेन' असं काहीतरी.
दुलमा म्हणते, "हो ताई,"
आणि दार ओढून घेते.
चार हिवाळे झाले. रोज. हो ताई.
तिची खात्री आहे, बाई म्हणते: जपून जा.
एवढ्या पहाटे बाईमाणूस बाईमाणसाला
दुसरं काय सांगणार?

फोन जोडून दिला तेमुलेननं, धाकट्यानं.
अक्षरं त्यालाही येत नाहीत, त्याला जागा पाठ आहेत:
वरून तिसरं, खाली दोनदा, मग निळं.
पाच फोनांची सोय, पाचही जागा भरलेल्या.
एक लुव्सनदोर्जचा, म्हणजे नवऱ्याचा.
एक तेमुलेनचा, कधीच फुटलेला.
उरलेले तीन कुणाचे कोण जाणे,
काड्या रचून बांधलेल्या घरांसारखी नावं.
"यातला एक घालवावा लागेल. माझा नको."
मधला घालवला.
तिकडे कुणाची तरी
अकरा वर्षांची उचकी थांबली असेल.

आज पडद्यावरचं वर्तुळ फिरतच राहिलं.
दुलमाचा फोन तिच्याच मांडीवर, हातमोज्याखाली,
आणि गाडी शोधत होती भलतीकडे:
कुंपणाच्या फळ्यांतून, गेरच्या नमद्यातून,
चुलीशी चहा ढवळणाऱ्या माणसाच्या खिशात.
सापडला.

आधी काहीच नाही. मग चारही स्पीकरांतून
साप्पोरोचा तुवशिन, नवऱ्याचा चुलतभाऊ, हसत:
"दादा, ती बाई म्हणते, कार्ड घातलेलं नाही.
टोलचं कार्ड. इथल्या हमरस्त्याचं.
गाडी कुठं आलीय, तिला कुणी सांगितलंच नाही."

थांबलं. पुन्हा सुरू झालं. दादा, ती बाई म्हणते.
आत लुव्सनदोर्जला काही ऐकू येत नसणार,
फोन झटकत असणार, कानाला लावत असणार,
पुन्हा बोट.
कार्ड घातलेलं नाही.
कार्ड घातलेलं नाही.
दुलमाचा हात गिअरवर तसाच.
काचेवर तिच्या श्वासाचं बर्फ धरत चाललेलं.

मग बोट चुकलं असेल, वरच्यावर पडलं असेल.
स्वतः लुव्सनदोर्ज. काल रात्रीचा, दबक्या आवाजात,
घोड्यांना हाकारणारा माणूस कुजबुजला की होतो तसा:
"तुवशिन, जे काय असेल ते मला एकट्याला सांग.
दुलमाला नको.
ती रोज तिला उत्तर देते, मी आतून ऐकतो.
तिला वाटतं ती म्हणते, जपून…"

दुलमानं गाडी मागे घेतली.
फाटक. उतार. कोळशाचा धूर.
आवाज फाटला, चिंध्या झाल्या, गेला.
पडदा पुन्हा फिरला आणि या खेपेला
मुकाट्यानं मांडीवरचा फोन धरला.
लगेच वाजला: पहिलं गिऱ्हाईक, विमानतळ, दोन बॅगा.
"येते," ती म्हणाली, आणि गळा साफ करून पुन्हा, "येते."

दुसऱ्या दिवशी उणे एकोणतीस.
घोंगडी, दूध, बटण.
बाई म्हणाली जे म्हणायचं ते.
दुलमानं गेरच्या धुराड्याकडे पाहिलं.
दार सताड उघडं, थंडी आत येतेय,
"हो ताई," ती म्हणाली,
नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं.